बोनेटवर मोह, खाली थेंब

मी एक जुनी, बुटकी गाडी आहो, मित्रांनो. पाच दरवाजे आहेत मले, पण त्यातला एक आतून उघडत नाही. कंपनीतून निघाली तवा मी पांढरी होती. आता गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकश्याच्या धुरळ्यानं माझा रंग असा केला आहे का त्याले नावच नाही.

माझा जन्म लय मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाचे हात वरून येत अन् मले एकेक अवयव लावून जात. कोनं इंजिन बसवलं, कोनं काच बसवली. अन् कोनंतरी इंजिनाच्या वरून पेट्रोलची एक रबरी नळी लावली. ती नळी लागली तवाच मले काहीतरी खुपलं. पण नवीन गाडीचं कोन ऐकते? माझ्या कपाळाले स्टिकर लावलं अन् मले ट्रकवर चढवून देल्लं.

माझे पहिले मालक म्हणजे गोंदियाचे श्यामलाल सेठ, मोहफुलाचे व्यापारी. त्यायनं माझे लय लाड केले. रोज फडक्यानं पुसत. दोन-तीन वर्षांनी त्यायले मोठी गाडी पाहिजे झाली, अन् मी २०११ साली पुरनलालच्या अंगणात आली. पुरनलाल म्हणजे सालेकश्याजवळचा धानवाला शेतकरी. त्याची बायको मुन्नीबाई. गल्लीतली पहिली चारचाकी मीच! मुन्नीबाईनं मले कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवले, आरशाले काळी बाहुली बांधली.

लय काम केलं मी. धानाचं परं, म्हणजे रोपं वाहली, बकऱ्या वाहल्या, नवरदेव वाहले. एकदा चोरखमाऱ्याच्या तलावाच्या काठावर मी असा हॉर्न वाजवला का पाण्यातले मासोरे दचकून बाहेर उडाले, अन् पुरनलालनं डिक्की भरून घरी आणले. खोटं वाटत असन तं मासोऱ्याले विचारा.

पण पुढच्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली.

मार्च महिना लागला, झाडाखाली मोहफुलं पडू लागले. मुन्नीबाई पहाटे टोपली घेऊन जाये अन् भरून आणे. अंगणात फुलं वाळू घातले का कोंबड्या अन् बकऱ्या तोंड घालत. तिनं डोकं चालवलं. पुरनलाल बजारातून आला का माझं बोनेट तव्यासारखं तापून राहे. त्याच्यावर जुनी साडी अंथरून ती फुलं पसरवून दे. दोनच दिवसात फुलं खडखडीत! शेजारच्या बायका पाहाले येत. मले मोठा मान वाटे.

अन् तेवढ्यातच ती नळी तडकली.

केसाएवढी भेग, मित्रांनो. इंजिन चालू झालं का एक थेंब निघे, घरंगळे अन् गरम लोखंडावर पडे. चर्र! वाळून जाये. मंग दुसरा. मी प्रत्येक थेंबाले जीव मुठीत धरून राहो. एक ठिणगी उडाली तं माझा कोळसा होईन, त्याची मले भीती नव्हती. पण मांगच्या सीटवर मान्सं बसत होते ना!

वास येत नव्हता असं नाही. पण अंगणभर मोहाचा वास. गोड, आंबूस, नाकात चढनारा. पुरनलाल काच खाली करे अन् म्हणे, "तुया मोहानं गाडीची भट्टी केली वो."

मुन्नीबाई म्हणे, "मोहाचे पैसे मोजता तवा वास नाही येत तुमाले?"

माझ्याखाली एक कोंबडी दुपारची बसे. तिनं मुकाट जागा बदलली. तेवढीच शहाणी निघाली त्या घरात.

पेट्रोलही लवकर सरू लागलं. पुरनलालले शंका आली का शेजारचा नंदलाल रातच्यानं नळी घालून पेट्रोल चोरते. तो सरळ जाऊन भिडला.

"नंदलाल, माया गाडीचं पेट्रोल कायले ओढून रायला?"

"मी? घे, तोंड हुंग माझं! पेट्रोल ओढलं असन तं वास येईन."

पुरनलालनं खरंच हुंगलं. वास आला, पण तो पेट्रोलचा नव्हता, मोहाच्या दारूचा होता. तरी दोघायचं बोलनं बंद झालं ते झालंच.

मी हॉर्नातून घरघर करो, दिवे मिचकावो. पुरनलाल म्हणे, "म्हातारी झाली." आता सांगा, चार वर्षांत कोनी म्हातारं होते का?

त्याच दिवसांत त्यायची मोठी पोरगी ओमेश्वरी बाळंतपनाले माहेरी आली. पहिलटकरीन होती. ती दारातूनच म्हणाली, "माय, ह्या गाडीले कायचा वास येते?"

"मोहाचा. अन् पोटुशीले तं पानीही वास मारते."

"मोहाचा असा नसते वो."

"तुले जास्त समजते का मले?" झालं, विषय संपला. पण घरातल्यायनं ठरवून टाकलं होतं का कळा लागल्या का मीच तिले सालेकश्याच्या दवाखान्यात न्यायची. मले घाम फुटे, मित्रांनो. गाडीले घाम कुठून येईन म्हणता? दवबिंदू म्हणून तुमी जे पुसता ना, तोच तो.

अन् तो दिवस आला. सकाळी श्यामलाल सेठ गोंदियाहून टेम्पो घेऊन गावात मोह घ्याले आले. मुन्नीबाईनं बोनेटवरचं फूल अन् फूल झाडून पोत्यात भरलं, साडी झटकली. मी उघडी पडली. दुपारी सेठ पोते टेम्पोत चढवून राहिले, तवाच ओमेश्वरीले कळा सुरू झाल्या.

तिले मांगच्या सीटवर बसवलं. पुरनलालनं चाबी फिरवली. मी चालू झाली नाही. परत फिरवली. तिकडं भेग मोठी झाली अन् थेंबाची धार झाली. मी चालू कशी होऊ? मी ठरवलं का अडूनच बसायचं.

पुरनलालनं बोनेट उघडलं. वासाचा भपका आला, पण त्याले तो मोहाचाच वाटला. "नजर लागली हिले! मुन्नी, आरती आन वो!"

इकडं आमच्या भागात गाडी अडली का आरती ओवाळतात. मुन्नीबाई धावतच आली. हातात थाळी, थाळीत कापूर भडकून राहिला. उघड्या बोनेटकडं येऊन राहिली ती! दहा हात. पाच हात. माझ्या आतून पेट्रोल टपकून राहिलं, अन् मांगच्या सीटवर ओमेश्वरी. तिच्या बाजूच्या दरवाजाचीच कडी आतून उघडत नाही.

ओमेश्वरीनं दात-ओठ खाऊन कळ सोसली अन् ओरडली, "माय, थांब! मोह तं सकाळीच पोत्यात गेला. मंग हा वास कायचा?"

मुन्नीबाई जागच्या जागी थांबली. श्यामलाल सेठनं पोतं खाली टाकलं. नाक वर केलं.

"अरे बाप रे! पुरनभाऊ, आरती पीछे लो! पेट्रोल है! कंपनीवालों का फोन आया था मुझे, इस गाडी का पाईप फटता है, फ्री में बदलके देंगे!"

मुन्नीबाईनं थाळी फेकली ती सरळ म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात. त्यानंतर आठ दिवस म्हशीच्या दुधाले देवळाचा वास आला. पुरनलालनं बाहेरून दरवाजा उघडून पोरीले ओढून काढलं.

"फोन कवा आला होता, सेठ?" पुरनलालनं दरडावून विचारलं.

"दिवाली के टाइम."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"मैंने बोल दिया, गाडी बेच दी. फिर... भूल गया, भाऊ."

पुरनलालनं हात उगारला. ओमेश्वरी म्हणाली, "बाबूजी, मारनं नंतर. आधी मले टेम्पोत बसवा."

तिले मोहाच्या पोत्यावर निजवून नेलं. सेठनं स्वतः टेम्पो चालवला, अन् मांगून मुन्नीबाईच्या शिव्या खात गेले. सायंकाळी पोरगी झाली. तिचं नाव योगेश्वरी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मले ट्रॅक्टरले बांधून गोंदियाले कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेलं. नवी नळी लागली. पुरनलालनं तडकलेली नळी पिशवीत घातली. गावात आल्यावर तो नंदलालच्या ओट्यावर जाऊन बसला. ती तडकलेली नळी त्यानं नंदलालच्या हातात देल्ली.

नंदलाल म्हणाला, "काय, आज परत हुंगाले आला का?"

मंग दोघंही हसले. मले वाटते पुरनलालचे डोळेही ओले झाले.

मित्रांनो, माझं निभलं. पण ज्या दिवशी मी बनली त्याच दिवशी त्या कारखान्यातून माझ्या किती बहिणी निघाल्या! त्यायलेही तशीच नळी लागली असन. एखादी विकत विकत तुमच्या गावात आली असन, अन् कंपनीचा फोन तिसऱ्याच घरी वाजून गेला असन. म्हणून तुमच्या बाबाले विचारा, ही गाडी आधी कोनाची होती, अन् आजच कंपनीले फोन लावाले सांगा. गाडीतून वास आला तं पहिले खाली उतरा, मंग भांडा. अन् घरातली कोनी पोरगी म्हणाली का हा वास वेगळा आहे, तं तिले गप नका करू. बोनेट उघडून पाहा.