या हं परत

अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती जगात थोर आहे. या थोरपणामुळेच माझ्या नातीच्या, शाल्मलीच्या, मेंदूतला ट्यूमर परत आला.

गेल्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर तो पिशवी उचलून निघाला, तेव्हा माझ्या बायकोने, सुलभाने, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि सवयीने म्हणाली, "या हं परत." तो आला. जुन्याच जागी सतरंजी टाकून बसला. स्कॅनच्या फिल्मवर सतरंजीचे पट्टेसुद्धा स्वच्छ दिसत होते.

शाल्मलीचे आईबाप दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांच्या रांगेत होते. इथली रांग आम्हा म्हाताऱ्यांकडे.

पहिले डॉक्टर म्हणाले, "पुन्हा काढता येईल, पण आता तो बोलण्याच्या केंद्राला टेकून बसलाय. आणखी एक मत घ्या."

बाहेर आलो तर कॉरिडॉर एका खोलीने लांबला होता.

दुसरे म्हणाले, "रेडिएशन इतक्या लवकर परत नको. आणखी एक मत घ्या."

कॉरिडॉर पुन्हा लांबला. मी शाल्मलीला कडेवर घेतलं.

"मतांसाठी एवढी पायपीट पुढारीही करत नाहीत हो," सुलभा म्हणाली.

शेवटच्या खोलीत डॉक्टर देवस्थळीबाई होत्या. "नवं औषध आहे. काहींना लागू पडतं, काहींना नाही. ते त्याला बाहेर काढेल. पण 'तू आम्हाला नको आहेस' हे घरातल्याच कुणीतरी तोंडावर सांगायचं."

औषध दिलं. तो बाहेर आला आणि मांडीवर पिशवी घेऊन स्टुलावर बसला. सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यभर मी मंत्र्यांची सालटी काढली, पण ती वर्तमानपत्रात छापून. मी घसा खाकरला.

"प्रवास ठीक झाला ना?"

"चहा घेणार?" सुलभाने विचारलं.

"ए, ऊठ," शाल्मली म्हणाली. "माझं डोकं आहे ते. परत यायचं नाही."

तो उठला! कॉरिडॉर सर्रकन आखडून पूर्वीएवढा झाला. दारादारांतून डॉक्टरांनी माना काढून टाळ्या वाजवल्या.

उंबरठ्यावर तो वळला. "बरंय, येतो."

सुलभाचे ओठ हलले. शाल्मलीने तिच्या तोंडावर हात दाबला.

"निदान घोटभर पाणी?" त्याने विचारलं.

माझा हात आपसूक बाटलीकडे गेला. शाल्मलीने ती हिसकावली, त्याच्या डोळ्यांत बघत घटाघटा संपवली आणि रिकामी माझ्या हातात दिली.

तो दारातच उभा होता.

"आजोबा," ती म्हणाली, "याला जरा बाजूला व्हायला सांगा ना. मला शू लागलीय."