चालणारा नमुना

मी एक वाफेचं इंजिन बोलतोय. इंजिन म्हटल्यावर डोळ्यांसमोर रूळ आणू नका. मी वीतभर उंचीचा आहे आणि चहाच्या बशीवर सहज मावतो. एक पितळी सिलिंडर, तो ज्याला टेकून झोके खातो तो उभा खांब, फ्लायव्हील म्हणजे एक जड लोखंडी चाक आणि खाली लाकडी पाट, एवढाच माझा संसार. माझ्या पाटावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ‘नमुना’. सगळे मला त्याच नावाने ओळखतात.

मला घडवलं मास्तरांनी. एका तांत्रिक शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना लेथवर धातू कापायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत स्वतःचा लेथ मांडला आणि एक ध्यास घेतला. ज्यांनी जन्मात कधी धातू कापला नाही, अशा हौशी माणसांसाठी इंजिनाचं किट काढायचं. ओतीव भाग, पितळेच्या सळ्या, स्क्रू, ड्रॉइंग आणि एक पुस्तिका, सगळं एका खोक्यात. चार महिने खपून त्यांनी ड्रॉइंग काढलं, आणि ते बरोबर आहे का हे पाहायला मला बनवलं.

मी पहिल्या दिवशी चाललो नाही. वाफ सोडली की नुसता फुसफुसायचो. माझ्या खांबावर दोन बारीक छिद्रं आहेत, एकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. सिलिंडर एका अंगाला झुकला की पहिलं उघडतं, दुसऱ्या अंगाला झुकला की दुसरं. ड्रॉइंगमध्ये या दोन छिद्रांमधलं अंतर सहा मिलिमीटर होतं. मास्तरांनी एका जुन्या, लहान इंजिनाचा आकडा तसाच उतरवला होता. माझ्या मापाला ते अंतर अपुरं पडत होतं. दोन्ही छिद्रं एकदम उघडी राहायची आणि आलेली वाफ काही काम न करता निघून जायची.

मास्तरांच्या हे लगेच ध्यानात आलं. तीस वर्षं हात त्यातच मुरलेला. त्यांनी दोन्ही छिद्रांत पितळेची सळी ठोकून ती बुजवली, कानशीने सपाट केली, आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाने जरा बाहेरच्या अंगाला नवी छिद्रं पाडली. अंतर झालं आठ. पुन्हा वाफ सोडली आणि मी सुसाट फिरायला लागलो. तो आनंद मी अजून विसरलो नाही.

आता मास्तरांनी पेन्सिल उचलून ड्रॉइंगमधल्या सहाचे आठ करायचे, एवढंच राहिलं होतं. त्यांनी पेन्सिल उचललीही होती. तेवढ्यात दारात दादा आले.

दादा म्हणजे मास्तरांचे मोठे भाऊ. आयुष्य टपाल कचेरीच्या खिडकीमागे शिक्के मारण्यात गेलं. लहानपणी त्यांनी घरातलं घड्याळ उघडलं होतं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही. तेव्हा वडील म्हणाले होते, “याच्या हाताला यश नाही.” ते वाक्य घरात कायमचं मुक्कामाला राहिलं. पेला फुटला, खिळा वाकला, नळ गळला की सगळे हसून दादांकडे बघायचे. दादाही हसायचे. सवयीचं झालं होतं त्यांना.

त्या दिवशी मात्र ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मला जमेल का रे असलं काही?”

मास्तरांना काय आनंद झाला म्हणून सांगू. “अरे दादा, तुझ्यासारख्यांसाठीच तर हे काढतोय. पहिलं किट तुझं. तुला जमलं की मी डोळे मिटून सगळ्यांना विकेन.”

“आणि नाही जमलं तर?”

“न जमायला काय झालं? ड्रॉइंगप्रमाणे माप धरून करत जा. बाकी इंजिन आपसूक चालतं.”

पेन्सिल टेबलावरून घरंगळत लेथखाली गेली. दोघे भाऊ चहाला आत गेले. सहाचे आठ झाले नाहीत ते नाहीतच, आणि मास्तर ते पार विसरूनही गेले.

नंतर दादांनी वर्षभर मेहनत घेतली. मास्तरांच्याच लेथवर, दुपारी दोन ते पाच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरलेली, आणि प्रत्येक माप तीनदा तपासायचं. मास्तर एका दिवसात जे करतात त्याला त्यांना महिना लागायचा, पण त्यांची कधी कुरकुर नाही. एकदा घरी जाताना त्यांनी माझ्या फ्लायव्हीलवर बोट ठेवून मला सांगितलं होतं, “चाललं ना, तर टेबलावर सगळ्यांसमोर चालवणार. एकदाच.” त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं.

इंजिन तयार झालं. वाफ सोडली. ते फुसफुसलं आणि थांबलं.

मी समोरच्या फळीवर होतो. मला पहिल्या फुसफुशीतच कळलं, कारण तोच आवाज मी काढला होता. मास्तरांनाही कळायला हवं होतं. पण मास्तर किटच्या मागण्यांमध्ये बुडालेले होते, आणि समोर उभे होते दादा. त्यांनी माप घेतलं नाही. फक्त कान दिला आणि म्हणाले, “वाफ गळतेय. सिलिंडर खांबाला टेकतो ती बैठक सपाट झालेली नाही. काचेवर घास अजून.”

दादांनी घासलं. आठवडाभर घासलं. पुन्हा फुस्स. “अजून घास दादा, तुझा हात एका बाजूला दाबतोय.” दादांनी पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी मास्तरांनी फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दादा हसले. “अण्णा बरोबर बोलायचे,” म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. आपलं इंजिन रुमालात गुंडाळून ते घरी गेले आणि पुन्हा कधी दुपारी आले नाहीत.

यातून मास्तरांनी काय धडा घ्यावा? ड्रॉइंग तपासावं? छे. ते म्हणाले, नवशिक्यांना अजून सोपं करून सांगायला हवं. बारा पानांची पुस्तिका तीस पानांची झाली. हात कसा स्थिर ठेवावा, श्वास कसा धरावा, बैठक कशी घासावी. बेचाळीस किटं गेली. प्रत्येक खोक्यावर माझा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘चालणारा नमुना पाहून बनवलेलं’.

पत्रं यायची. एक शिंपी, एक परिचारिका, एक बँकेतला रोखपाल. गंमत अशी की तक्रार कोणीच करत नव्हतं. नवखा माणूस ड्रॉइंगवर शंका घेतच नाही, तो आपल्या हातांवर घेतो. ‘माझ्याकडून कुठेतरी चुकतंय.’ ‘माझ्या बोटांत ते कसब नसावं.’ मास्तर प्रत्येकाला आपुलकीने उत्तर लिहायचे, धीर सोडू नका, बैठक अजून घासा. घरी कोणी पाहुणा आला की मला चालवून दाखवायचे. मी इमानेइतबारे फिरायचो. थांबायचं माझ्या हातात असतं, तर मी तेव्हाच थांबलो असतो.

मागच्या वर्षी दादा गेले. महिन्याभराने वहिनी रुमालातली ती वस्तू घेऊन आल्या. “भावजी, हे तुमच्याकडेच ठेवा. आणि जमलं तर चालू करा. ह्यांचं नेमकं काय चुकलं, तेवढं मला कळू दे.”

मास्तरांनी ते सुटं केलं आणि व्हर्नियर लावून एकेक माप घेतलं. सिलिंडरचं माप बरोबर. दट्ट्या बरोबर. बैठक आरशासारखी, तिच्यात मास्तरांचं तोंड दिसत होतं. छिद्रांमधलं अंतर सहा. ड्रॉइंगमध्ये सहा. केसाचाही फरक नाही. मास्तर चक्रावले. मग त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं, सहा वर्षांत पहिल्यांदा माझा सिलिंडर काढला, आणि त्यांना माझ्या छिद्रांच्या आतल्या बाजूला वेगळ्या रंगाच्या पितळेच्या दोन कोरी दिसल्या. बुजवलेल्या जागा. त्यांनी माझं माप घेतलं. आठ.

ते खाली फरशीवरच बसले. बायकोने विचारलं, “काय झालं हो?” तर म्हणाले, “दादाचं बरोबर होतं गं.” मग तेच पुन्हा म्हणाले.

वहिनींना सांगायला ते स्वतः गेले, सोबत मलाही पिशवीतून नेलं. सगळं सांगून झालं. वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्या इंजिनानंतर त्यांनी घरातला दिवासुद्धा कधी बदलला नाही. शर्टाचं बटण तुटलं तरी मला म्हणायचे, तूच लाव, माझा हात नको.”

मास्तरांनी मला पिशवीत घातलं आणि घरी येऊन ते किट घेणाऱ्यांना खरं काय ते कळवायला बसले.

त्यांनी बेचाळीस पत्रं लिहिली. उत्तरं पाच-सहाच आली. शिंप्याने लिहिलं, लेथ केव्हाच विकला. परिचारिकेने लिहिलं, भाग भंगारात दिले, पण कळवल्याबद्दल आभार. आता मास्तर त्या खोलीत फारसे येत नाहीत. लेथवर चादर आहे. बायको एकदा म्हणाली, “दादांच्या इंजिनाची छिद्रं बुजवून नवी पाडा ना, चालेल ते.” मास्तर म्हणाले, “चालेल. पण दादाच्या कामाला मी आता हात लावणार नाही.”

म्हणून आम्ही दोघं फळीवर शेजारी शेजारी आहोत. मला गंज चढतोय आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कधी ही खोली आवरायला कोणी आलं, तर ते मला वाफ देऊन बघतील, चाललो की खूश होतील आणि मला ठेवून घेतील. शेजारचं चालत नाही म्हणून टाकून देतील. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. निवड करायच्या आधी आम्हा दोघांचे सिलिंडर काढून मागे बघा. चूक बुजवल्याच्या खुणा माझ्या अंगावर आहेत. दादांच्या इंजिनावर एकही नाही.