नामाचा धवळा

कडावच्या सोनुबाईनं धवळा म्हटला नाही तर ती हळद हळदच नव्हे, असं त्या पट्ट्यात लोक खुशाल म्हणत. भटजी उशिरा आला तरी चालायचं. पण लग्नातला हा धवळा गाणारी बाई, धवलारीण, पाटाशी बसून गायला लागेपर्यंत हळदीच्या वाटीत कुणी बोट घालायचं नाही. आधी देवांना बोलवायचं, मग पितरांना, आणि सगळ्यात शेवटी नवरीला. ते शेवटचं बोलावणं सोनुबाई म्हणायला लागली की चांगले मिशाळ बाप्ये तंबाखूचं निमित्त करून मांडवाबाहेर सटकत.

'ये गं लेकी पाटावरी, भिऊ नको माझे बाई.'

एवढीच ओळ. तिच्या आईनं ती तिला दिली, आईला आजीनं.

आता तिच्या भावाचं, नामाचं सांगतो. तो मुंबईला गिरणीत लागला, तिथून नाटकात शिरला आणि नाटकातून सिनेमात. सिनेमात हा कोण? तर पाटलाचा वाया गेलेला पोरगा. प्रत्येक सिनेमात तोच. मिशी पिळायची, खोल आवाजात हेल काढून बोलायचं आणि पोरीबाळींच्या वाटेत उभं राहायचं. कर्जतच्या टॉकीजात बायका त्याच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि बाहेर आल्यावर सोनुबाईला कौतुकानं सांगायच्या की तुझा नामा काय गं मेला नीच दिसतो!

मग कुणा रेकॉर्ड कंपनीच्या डोक्यात खूळ शिरलं की नटांकडून जुनी गाणी म्हणवून घ्यायची. कुणी विनोदी नट भूपाळी गायला, कुणी पैलवान अंगाई गायला म्हणे. ती ऐकून कुठलं मूल झोपलं ते त्या पैलवानालाच ठाऊक. नामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी माझ्या बहिणीचा धवळा गातो. अगदी मनापासून गायला बिचारा, डोळे मिटून. पण मागं कंपनीनं बोंगो आणि ट्रंपेट लावलं, आणि गळा तर सिनेमातलाच. त्या गळ्यातून 'भिऊ नको माझे बाई' आलं आणि ऐकणाऱ्याला वाटलं, आता ही पोरगी काही वाचत नाही.

लोकांनी ती रेकॉर्ड डोक्यावर घेतली. चौक गावच्या धाब्यांवर वाजली, मोहोपाड्याच्या कॉलनीत गणपतीत वाजली. त्या ओळीला पब्लिक नामाच्या आवाजात ओरडायचं आणि पोट धरून लोळायचं. सोनुबाईला आधी बरंच वाटलं. भावानं घरचं गाणं गायलं, लोक हसतात तर हसू देत.

मग मोहोपाड्याच्याच एका लग्नात ती गायला बसली. देव झाले, पितर झाले, आणि त्या ओळीला मांडवात खसखस पिकली. कुणी म्हणालं, मावशी, परत म्हणा की ते भिऊ नको. पुढच्या लग्नातही तेच. तिचाच धवळा, पण लोकांच्या कानात नामा आधी येऊन बसलेला. हळूहळू बोलावणी आटली. कशाला बाईला त्रास, रेकॉर्ड आहे की!

तेही तिनं गिळलं असतं. पण तिच्या मैनाचं लग्न ठरलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एकुलती लेक. तिच्या हळदीत हा धवळा नीट, मानानं, कुणी न हसता व्हावा, एवढंच तिला हवं होतं. ती चौकला जाऊन स्पीकरवाल्या पोपटच्या हातापाया पडली, ती रेकॉर्ड मांडवात आणू नको म्हणून. त्यानं शपथ घेतली. गोदूबाई तिच्या मागं ओळ झेलायची, तिलाही हसायचं नाही म्हणून बजावून ठेवलं. नामा मामा म्हणून लग्नाला आला तेव्हा सोनुबाई त्याच्याशी धड बोललीसुद्धा नाही. तो चुलीपाशी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाय, मी लोकांना हसवाया नाय गायलो गं," तो म्हणाला. "आयेची आठवण काढून गायलो."

"ठाव हाय रं मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुला शिव्या बी देता येत नाय."

हळदीच्या संध्याकाळी मैना पाटाजवळ उभी राहिली. पोपटनं स्पीकर बंद ठेवला होता. सोनुबाईनं देव बोलावले. मांडव चिडीचूप. पितर बोलावले, स्वतःच्या आईचं नाव घेतलं, तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. तिचा जीव भांड्यात पडायला आला. मग ती ओळ आली. सोनुबाईनं म्हटली आणि झेलायला गोदूबाईनं तोंड उघडलं, तर तिच्या तोंडून ओळीऐवजी फिस्सकन हसू. बजावलेलं सगळं वाया. गोदूबाईनं पदर तोंडात कोंबला, पण तोवर आख्खा मांडव फुटला होता. मैनासुद्धा, मान खाली घालून, खांदे गदागदा हलवत हसत होती.

सोनुबाई थांबली. पुन्हा धरली ओळ. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या गळ्यातून आवाजच निघाला नाही.

तेव्हा नामा उठला. हात जोडून मांडवाला म्हणाला की पाया पडतो तुमच्या, माझ्या बहिणीला गाऊ द्या. खरोखर रडवेला झाला होता. पण तो आवाज! लोकांना वाटलं, सिनेमातलं बोलतोय. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, वन्स मोअर झालं. जोडलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

हळद वाटीत सुकायला लागली होती. नवऱ्याकडची माणसं ताटकळली होती. धवळा अर्धा टाकून लेकीला हळद लावायची, हे सोनुबाईच्यानं झालं नसतं.

"नामा, तूच म्हण," ती म्हणाली.

"नको, बाय."

"म्हण रं. माझ्याच्यानं होत नाय आता."

नामा गायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि गळ्यातून तोच पाटलाचा पोरगा. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. नवऱ्याकडच्यांनी तर सांगितलं, असली हळद बघितली नव्हती. त्या गदारोळात सोनुबाई पाटापाशी गेली, मैनाला बसवलं, वाटीत बोटं बुडवून तिच्या गालांना हळद लावली. मग तिच्या कानाला तोंड लावून ती ओळ म्हणाली. आईनं म्हटली होती तशी, हळू, एका सुरात.

मैनानं हसून ओले झालेले डोळे पुसले आणि मान वळवली.

"काय म्हणतीस गं आये? मामाच्या आवाजात काय ऐकू येत नाय."