शकुनबाईंचा काळा सूट

मित्रांनो, मी समुद्रात बुडी मारताना घालायचा एक जुना रबरी सूट आहे. मी हरवलो हे केशवरावांना कळलं, त्या सकाळी मी तेल्हाऱ्याच्या सहदेव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात खुंटीला लटकत होतो.

तिकडे अंजनगाव सुर्जीला केशवरावांनी कपाट उघडलं.

“रूपाली, तुह्या सासूचा काया ड्रेस कुठी हाय?”

“थो फवारणीचा? भांडेवालीले देल्ला, बाबा. घरात लेकरू हाय, औषधाचा वास नको म्हटलं. पातेलं आलं त्याच्यात.”

सुनेचं तरी काय चुकलं? ती घरात आली, त्याआधीच शकुनबाई गेल्या होत्या. आणि कपाशीच्या मुलखात अंगभर ड्रेस म्हटला की तो फवारणीचाच.

मला ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वर्षालीनं आपल्या आईसाठी घेतलं. शकुनबाई कौंडण्यपूरच्या, वर्धा नदीत पोहत वाढलेल्या. बावन्नाव्या वर्षी, लेकीकडे गेल्या असताना, त्या पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकल्या. समुद्र गार असायचा. मी त्यांच्या अंगाची ऊब धरून ठेवायचो. एकदा सी लायनची, म्हणजे समुद्रसिंहांची, पिल्लं जवळ आली. मिशाळ तोंडं, टपोरे डोळे. एक आमच्यासमोर उलटं झालं, तर शकुनबाईही उलट्या झाल्या. त्यानं गिरकी घेतली, यांनीही घेतली. त्या हसल्या ते मला कळलं, कारण त्यांचं पोट हललं.

होडीत केशवराव त्यांचं मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते, ओकून ओकून बेजार.

“अवो, पोट्टे हायेत नुसते! मले चिडवून राह्यले!”

“तू वर आली, झालं. आता मले जमिनीवर ने.”

पुढच्याच वर्षी शकुनबाई आजारानं गेल्या. घडी केलेल्या साड्या सपाट होतात. माझ्यात मात्र त्यांचे गुडघे, त्यांची कोपरं तशीच दिसतात. केशवरावांना ते पाहवेना. त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि कोणाजवळ विषय काढला नाही.

रूपालीनं भांडेवाल्या ललिताबाईला फोन लावला. सहदेवनं नेला, आजच फवारायचं म्हणत होता, असं ती म्हणाली. एकदा औषध मुरलं की रबरातून ते जात नाही. केशवराव चहा न घेता एसटीत बसले.

“औषध लागलं का याले?” गोठ्यात शिरताच त्यांनी विचारलं.

“कायचं औषध!” सहदेव म्हणाला. “अर्धा घंटा झोंबलो. एक पाय गेला, तं निंघेच ना! बायको हासू हासू पडली. कोणाचा हाय हा?”

“माह्या बायकोचा.”

सहदेवचं हसू थांबलं. त्यानं मला खुंटीवरून काढून केशवरावांच्या हातात दिलं. त्यांनी मला नाकाशी धरलं. औषधाचा वास नव्हता. त्यांनी जो श्वास सोडला, तो मला आतपर्यंत लागला.

घरी रूपाली रडवेली झाली होती. “तुमी सांगतलं कावून नाही, बाबा?”

“माहीच चूक हाय. बस, सांगतो.”

ते जेवणवेळेपर्यंत बोलत राहिले. पिल्लासोबत उलट्यासुलट्या झालेल्या सासूबाईंची गोष्ट ऐकून रूपाली खुदकन हसली, तेव्हा केशवरावही हसले.

मित्रांनो, मला गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. पण त्याआधी, वस्तू कोणाची आहे ते घरात सांगून ठेवा.

सहदेवच्या झटापटीत माझा डावा गुडघा फाटला. तो अजून चिकटवायचा आहे.