एक्केचाळीस दिवसांनंतरचा आवाज

त्या दिवशी सिस्टर ड्यूटीच्या अर्धा तास आधीच वॉर्डात हजर झाली. श्वसनविकारांच्या वॉर्डात दहा वर्षं काढलेली बाई, पण उत्साह पहिल्या दिवसासारखा.

कारण चार नंबरच्या खाटेवरच्या ड्रायव्हिंगवाल्या बाई आज बोलणार होत्या.

या बाई मोटार शिकवायच्या. न्यूमोनियाने त्यांना असं काही गाठलं, की गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली आणि मशीन त्यांच्या वतीने श्वास घेऊ लागलं. चार दिवसांपूर्वी मशीन सुटलं. पण हवा नळीतूनच आत-बाहेर होणार, घशापर्यंत पोचणारच नाही, मग आवाज कुठून निघायचा? एक्केचाळीस दिवस बाई वहीत लिहूनच सगळ्यांना दटावत होत्या.

आज नळीच्या तोंडावर एक छोटी झडप बसणार होती. श्वास नळीतून आत जाईल, बाहेर मात्र घशातून, तोंडावाटे पडेल.

बाईंनी वही पुढे केली. "नक्की?"

"नक्की!" सिस्टर म्हणाली. उशाशी उभे असलेले बाईंचे यजमान नुसतेच हात चोळत होते.

सिस्टरने नळीतला कफ खेचून काढला आणि कफ खेचायची ट्यूब ठेवायला वळली. तेवढ्यात खाटेपाशी उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरांनी उत्साहाच्या भरात झडप उचलली आणि गळ्याजवळ नेली. सिस्टरची नजर गेली ती नळीला जोडलेल्या, बाईंच्या खांद्यावर लोंबणाऱ्या चिमुकल्या फुग्यावर. तो अजून टम्म होता! म्हणजे श्वासनलिकेत नळीभोवती बसवलेला आतला फुगाही फुगलेलाच, घशाकडची वाट बंद. अशात झडप बसली असती, तर श्वास आत गेला असता, पण बाहेर पडायला वाटच उरली नसती.

"थांबा डॉक्टर! फुगा!"

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. ते पांढरेफटक पडले. "सॉरी, सिस्टर."

"झालं नाही ना काही? मग झालं तर." तिने सिरिंजने फुग्यातली हवा ओढून घेतली. बाईंना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. ऑक्सिजनचा आकडा शहाण्णववरून एकोणनव्वदवर घसरला. यजमान आकड्याकडे बघत पुढे सरसावले.

"काका, घाबरू नका. फुग्याच्या वर साठलेला कफ खाली उतरलाय." सिस्टरने बाईंना सरळ बसवलं, पुन्हा कफ खेचला आणि पाठीवर हात ठेवला. "सावकाश. घाई नाही."

नव्वद. ब्याण्णव. पंच्याण्णव!

मग झडप बसली. डॉक्टर वाकून बघत राहिले.

"म्हणा, आ."

नुसती खरखर. बाईंचे डोळे भरून आले.

"पुन्हा. पोटातून सोडा हवा."

"आ... अहो!"

यजमान दचकले. आवाज घोगरा होता, पण बायकोचाच होता.

"अहो, दाढी... करा आधी. कोण म्हणेल... माझा नवरा!"

सगळा वॉर्ड खदखदून हसला. यजमान हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी ऑक्सिजनच्या मास्कआडूनच टाळ्या वाजवल्या.

"आज दहाच मिनिटं बोलायचं हं," सिस्टर म्हणाली.

"पंधरा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली आणि बाई चालत घरी गेल्या. पण झडप बसली त्या दुपारी, पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे ड्यूटी सोपवताना सिस्टरला चार नंबरबद्दल एक ओळ सांगायची होती, आणि ती पाऊण तास बोलत राहिली.