घरभेट

बावीस गावांचा हॉल कुठे म्हणून परळ-लालबागमध्ये विचारलं, तर अजूनही चार माणसं चार दिशांना हात करत नाहीत, सगळे एकाच गल्लीकडे बोट दाखवतात. खेड तालुक्यातल्या बावीस गावांतून गिरणीत आलेल्या माणसांनी पंच्याऐंशी वर्षांपूर्वी पाळ्या करून, सुट्टीच्या दिवशी स्वतः दगड वाहून तो बांधला. दगडी जोतं, सागवानी तुळया, स्टेजवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. लग्न इथंच, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन इथंच, गावाकडच्या विहिरीचं भांडण मिटवायची बैठकही इथंच. गावात ज्यांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य, तीही इथं एका पंगतीला बसतात, निदान जेवण होईपर्यंत तरी.

हा सगळा गाडा एकतीस वर्षं कालिंदीबाई सकपाळ हाकत होत्या. कागदावर त्या व्यवस्थापक. प्रत्यक्षात टाकीत पाणी चढवण्यापासून रुसलेल्या वरमाईची समजूत काढण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. गिरणी बंद पडल्यावर वर्षभरात नवरा गेला, तेव्हा कमिटीनं त्यांना हे काम दिलं आणि स्टेजच्या मागची फळ्यांच्या भिंतीची खोली राहायला दिली. दहा वर्षांच्या राजरत्नला हाताला धरून त्या तिथं आल्या आणि हॉलच्या झाल्या. म्हणजे अगदी पुरत्या झाल्या, तिथंच तर सगळं चुकलं.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला भांड्यांची जुनी दगडी कोठी होती. ती रिकामी करून कालिंदीबाईंनी अभ्यासिका काढली. जागा तीस, अर्ज शंभर. मग त्यांनी घरभेटीचा नियम केला. अर्ज आला की बाई स्वतः त्या पोराच्या घरी जायच्या, खाली बसायच्या, कोरा चहा घ्यायच्या आणि छापील फॉर्मवरचे प्रश्न एकेक करून विचारायच्या. माणसं किती, खोली केवढी, अभ्यासाला कुठं बसतोस, इतर अडचण काय. जाता जाता नजरेनं उशा मोजायच्या, कारण माणसांचा आकडा लोक फुगवून सांगत. ज्या घरात उशा जास्त, त्या घरच्या पोराला जागा. मंत्र्याची चिठ्ठी आणा नाहीतर जावयाचा फोन, बाई बधायच्या नाहीत.

राजरत्ननं बारावीला अर्ज केला. शेवटची एक जागा उरली होती. लालबागच्या अमितच्या घरी अकरा उशा होत्या आणि स्टेजमागच्या खोलीत दोन. कालिंदीबाईंनी पोटच्या पोराच्या अर्जावर 'नामंजूर' लिहून सही केली. त्यांचा हात जरासुद्धा अडला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

लोकांनी तर ही गोष्ट देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपली. जयंतीच्या प्रत्येक भाषणात ती यायचीच. आपल्या लेकराला जागा दिली नाही, बाई असावी तर अशी! टाळ्या पडायच्या. राजरत्न त्या वेळी मागे सतरंज्या उचलत असायचा. तो बारावीला दोनदा नापास झाला आणि एका हॉस्पिटलात लिफ्टवर लागला. अमित मोठा अधिकारी होऊन हॉलचा सेक्रेटरी झाला. कोणी विचारलंच तर बाई सांगायच्या, आमच्या राजाला अभ्यासाची गोडी नव्हती. सांगताना दुसरीकडे बघायच्या.

या जूनमध्ये पुन्हा एकच जागा उरली आणि दोन अर्ज आले. एक चाळीतल्या यशोधराचा. तिच्या घरी बाई जाऊन आल्या होत्या, उशा नऊ. दुसरा अर्ज हातात घेतला आणि त्या खुर्चीत बसल्या. प्रिती राजरत्न सकपाळ, बारावी. त्यांची नात. खाली पालकाची सही राजरत्नची होती. बारावीच्या त्या अर्जानंतर चोवीस वर्षांत त्यानं आईकडे काही मागितलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्या काम सोडणार होत्या. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, ही जागा प्रितीची. नियम गेला खड्ड्यात. लोक बोलतील ते बोलू देत, एकतीस वर्षांचं नाव एका सहीनं गेलं तरी चालेल, पण या वेळी राजाला नाही म्हणायचं नाही. अमितही म्हणाला की बाई, खरं तर ही जागा मीच तुमच्या घरची घेतली होती, देऊन टाका. फक्त रीत म्हणून घरभेट करू, असं बाईंनी ठरवलं आणि रविवारी सकाळी शिवडीला राजरत्नकडे गेल्या. राजरत्न दोन वर्षांपूर्वी तिथल्या खोलीत राहायला आला, तेव्हा नव्या घराच्या परित्राणपाठाला त्या गेल्या होत्या. पण हॉलवर साखरपुडा होता, म्हणून पाणी पिऊन अर्ध्यातून उठल्या. त्यानंतर जाणं झालंच नव्हतं. रोज उद्या जाऊ म्हणायच्या.

दीपिकानं, सुनेनं, चहा ठेवला. प्रिती खिडकीशी टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. आजीला बघून हसली आणि पुन्हा वाचायला लागली. खोली मागच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. भिंतीवर वेळापत्रक, कोपऱ्यात दिवा. कालिंदीबाईंच्या अभ्यासिकेत एका पोराच्या वाट्याला यातलं निम्मंही येत नव्हतं.

बाईंनी चष्मा लावून फॉर्म मांडीवर घेतला. राजरत्न समोर मांडी घालून बसला, अगदी अर्जदारासारखा.

"माणसं किती?"

"तीन."

"अभ्यासाला कुठं बसते?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग शेवटचा रकाना आला.

"इतर अडचण?"

"काही नाही."

"मग अर्ज कशाला केलास रे?"

"अर्ज केला की तू घरी येतेस."

बाईंना आधी वाटलं, पोरगा टोमणा मारतोय. पण त्याचा चेहरा टोमण्याचा नव्हता. तो खाली बघत, बोटानं लादीवरची रेघ गिरवत बोलत होता.

"बारावीला पण त्याच्यासाठीच केला होता, आई. आपण दोनच माणसं, जागा मिळणार नाही, एवढं मला पण कळत होतं. म्हटलं, नियम आहे तर बाई येतील. बसतील. इतर अडचण काय म्हणून विचारतील. तू सगळ्यांच्या घरी गेलीस. आपल्या घरी नाही आलीस."

"अरे, मी तिथंच तर राहत होते."

"झोपायला यायचीस."

दीपिका चहाचे कप घेऊन दारातच थांबली. कालिंदीबाईंनी विचारलं, विचारलं असतं तर काय सांगणार होतास? आता काय त्याचं, असं म्हणून त्यानं टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हॉल चालू असताना तू कधी आपल्या खोलीत बसलीयेस?"

मग त्यानंच फॉर्म त्यांच्या मांडीवरून उचलला, नीट घडी केली आणि सांगितलं की ज्या घरी उशा जास्त, त्या घरच्या पोराला जागा दे, तेच बरोबर आहे. तेव्हाही तेच बरोबर होतं. त्याच्या आवाजात राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. निघताना तो खालपर्यंत सोडायला आला, रस्ता ओलांडताना त्यानं त्यांचा हात धरला आणि बस येईपर्यंत थांबला.

हॉलवर येऊन त्यांनी यशोधराच्या अर्जावर 'मंजूर' लिहिलं. सही वाकडी आली.

संध्याकाळी लग्न होतं. वधूवरांनी त्रिशरण घेतलं, फुलं पडली आणि बेंजो सुरू झाला. एरवी या वेळी बाईंना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज त्यांनी पाण्याच्या खोलीची किल्ली अमितच्या हातात दिली, स्टेजमागे गेल्या आणि आपल्या खोलीत शिरून दार लावून घेतलं.

फळ्यांची भिंत थरथरत होती. स्पीकरची पाठ भिंतीच्या पलीकडच्या अंगालाच टेकलेली होती, हे बाईंना माहीत होतं. तो तिथं त्यांनीच ठेवायला लावला होता, पाहुण्यांच्या पायात येऊ नये म्हणून. मांडणीवरची ताटं वाजत होती. राजरत्न जिथं पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून बसायचा, तिथं त्या खाली बसल्या. एक कोरा फॉर्म काढला आणि वाचायला लागल्या. अर्जदाराचे नाव. अर्जदाराचे नाव. तिसऱ्यांदाही डोळे त्याच ओळीवर. त्या दोन शब्दांपुढे काही डोक्यात शिरेना. आठवड्याला तीन-तीन कार्यं, सकाळी पुण्यानुमोदन आणि संध्याकाळी हळद. हे पोर इथं आठ वर्षं बसलं होतं, आणि समोर आवारापलीकडे त्याला आईच्या अभ्यासिकेचं बंद, शांत दार दिसत होतं. गोडी नव्हती, असं आपण जगाला सांगत आलो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी 'राजा' म्हणून हाक मारून पाहिली. मग जोरात मारली. त्यांची त्यांनाच ती ऐकू आली नाही. मग त्या तोंडावर पदर न घेता रडल्या, इथं पदराची गरजच नव्हती.

पलीकडे बेंजो थांबला आणि कोणीतरी माइक घेतला. आपल्या सगळ्यांची आई, आपल्या कालिंदीबाई, जिथं असतील तिथून त्यांनी आशीर्वाद द्यायला स्टेजवर यावं, अशी विनंती झाली. टाळ्या पडल्या. पुन्हा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. चोवीस वर्षं उशिरानं घरभेटीला आलेल्या बाई जागच्या हलल्या नाहीत.