डिस्क दिसत नाही

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज आली. रेइनिएरने लगेच लॅपटॉपची वायर खोचली आणि विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह लावला. पुन्हा तीच निळी खिडकी, पुन्हा भाषा विचारून झाली, पुन्हा अटी मान्य करून झाल्या. मग ती यादी, जिच्यात आमच्या डिस्कचं नाव यायला हवं. यादी रिकामी. खाली एकच ओळ: कोणतीही डिस्क सापडली नाही.

"मेली," रेइनिएर म्हणाला. "डिस्क मेली, यामिले."

मी आमच्या तैसला कडेवर घेऊन उभी होते. मला ते वाक्य तिच्यासमोर नको होतं.

उद्या सकाळी आठला सांतियागोला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आमचा नंबर आहे. पाच महिन्यांनी मिळालेला. मागच्या खेपेला मी वही घेऊन गेले होते, तैसला झटका किती वाजता आला, किती सेकंद टिकला, आधी काय खाल्लं होतं. बाईंनी पानं चाळली आणि परत दिली. म्हणाल्या, "वही नको. मला दाखवा. डावीकडून सुरू होतं की उजवीकडून, ते बघितल्याशिवाय मी औषध बदलणार नाही." तेव्हापासून अकरा व्हिडिओ काढले. एक आई आपल्या चौदा महिन्यांच्या मुलीला झटका येताना उचलून घ्यायचं सोडून फोन धरते, हे अकरा वेळा केलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून लॅपटॉपवर टाकले आणि फोनमधून पुसले. तीन दिवसांपूर्वी लॅपटॉप सुरूच होईना.

"ओदालिसबाईंकडे जाऊ," मी म्हणाले.

"त्या पण हेच सांगतील."

"मग त्यांच्या तोंडून ऐकू."

ओदालिसबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. तीस वर्षं गणित शिकवलं, आता पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतात. दारातच म्हणाल्या, "या, या. मुलगी झोपली नाही वाटतं? तुझ्याकडे बघून तर वाटतंय तूही नाही झोपलीस, पोरी."

रेइनिएरने सगळं सांगितलं. विंडोज बिघडलं, नव्याने टाकायला घेतलं, डिस्कच दिसत नाही.

"नव्याने टाकायला घेतलंस म्हणजे? आधी सगळं पुसणार होतास?"

"नाहीतर कसं टाकणार?"

"आणि व्हिडिओ?"

तीन दिवस आम्ही दोघं डिस्क दिसावी म्हणून जीव टाकत होतो. दिसली असती तर त्याने पुसायचं बटण दाबलं असतं, आणि मी बाजूला उभी राहून बघितलं असतं. तैसची मान सांभाळायच्या नादात हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"दिसली नाही म्हणून वाचलात," बाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि तो पुन्हा सुरू होतानाच त्या एक बटण दाबत राहिल्या. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. "हे बघ डिस्कचं नाव. मशीनला दिसतेय. मेलेली माणसं हजेरी देत नाहीत."

मी वाचत होते. कोपऱ्यात तारीख होती. "बाई, हे एक जानेवारी दोन हजार अठरा दाखवतंय."

त्या थांबल्या. लॅपटॉप उलटा केला. मागे बॅटरीच्या जागी रिकामा खळगा.

"बॅटरी कुठाय?"

"पंख्यात," रेइनिएर म्हणाला.

गेल्या जूनमध्ये वीज अठरा-अठरा तास जायला लागली तेव्हा त्याने बॅटरी फोडून तिच्या सेलांवर तैससाठी पंखा बनवला होता. उकाड्याने तिचे झटके वाढत. टॉर्च मीच धरली होती.

बाईंनी डोक्याला हात लावला. "अर्ध्या बायामो शहराने हेच केलंय. नवीन काही करा रे! ऐक. आत एक बटणाएवढा सेल असतो, तो या सेटिंग लक्षात ठेवतो. तो संपला. मोठी बॅटरीही नाही. मग वीज गेली की मशीन सगळं विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं होतं. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात. तुमचं विंडोज एका पद्धतीने टाकलेलं, कारखान्याची दुसरी. बिघडलं काहीच नव्हतं."

त्यांनी एक ओळ बदलली. जतन केलं. मशीन सुरू झालं. पडद्यावर तैसचा फोटो आला, दात यायच्या आधीचा.

रेइनिएर खुर्चीत बसला, म्हणजे पडलाच. मी बसले नाही. "किती वाजले?"

"पावणेतीन," बाई म्हणाल्या. "आज आपल्या भागाची वीज तीनला जाते. कधी आधीच."

मी फोन वायरने जोडला. जुनी वायर, एकेका व्हिडिओला तीन-चार मिनिटं.

"सगळे एकदम टाक," रेइनिएर म्हणाला.

"मध्येच गेली तर?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. "एकेक टाक. कुठला आधी, ते तू सांग."

मला विचार करावा लागला नाही. चौदा मार्चचा, बेचाळीस सेकंदांचा, ज्यात आधी डावा अंगठा आत वळतो. मग दोन एप्रिल. मग ज्यात मी ओरडते तो. तो मला नको होता, पण त्यात चेहरा स्पष्ट आहे. मग आंघोळीनंतरचा. पाचवा अर्ध्यावर असताना पंखे थांबले आणि गल्लीभर लोकांचा एकच सुस्कारा ऐकू आला.

"चार," मी म्हणाले.

"रात्री वीज आली तर हीच ओळ पुन्हा बदल. मी लिहून देते."

"सांतियागोला नेणारा ट्रक पहाटे चारचा आहे, बाई. आली तर करू."

"चार पुरतील?" रेइनिएरने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, जणू डॉक्टर मीच.

मी पायरीवर बसले. अर्धवट तर आलेला नाही ना, हे बघायला आवाज बंद करून पहिला लावला. बेचाळीस सेकंद पूर्ण होते. तैसने मांडीवरून वाकून पडद्यावर बोट ठेवलं, आणि शेजारच्यांचं बाळ दिसलं की बाळ म्हणून हाक मारते तसं, आनंदाने म्हणाली, "नेने!"

मी दुसरा लावला.